सहीचा रकाना

मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे लोखंडी कपाट. वरच्या कप्प्यांत शिक्के, दाखल्यांची पुस्तके, पोषण आहाराच्या पावत्या, तालुका क्रीडा स्पर्धेची ढाल. खालच्या कप्प्यात सॅनिटरी पॅडचे खोके. खोक्यावर लांबट वही. वहीत पट्टीने आखलेले रकाने: अनुक्रमांक, दिनांक, विद्यार्थिनीचे नाव, इयत्ता, दिलेले नग, सही. मोफत पॅडचे वाटप अनेक शाळांत असे वहीतून होते. तिचा शेवटचा रकाना नीट पाहावा. सातवीतल्या मुलीला वर्गात पाळी आली, तर तिने उठायचे, कार्यालयात यायचे, मागायचे, कपाट उघडेपर्यंत उभे राहायचे आणि पॅड हातात पडले की सही करायची. तारखेसकट.

तारीख महत्त्वाची आहे. अशा वहीची पाच-सहा पाने उलटली की कोणाची पाळी कधी येते, कोणाची लांबली, कोणाची अजून सुरूच झालेली नाही, हे कोणालाही वाचता येते. शिपायाला वाचता येते. केंद्रप्रमुखाला येते. तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यालाही येते. एवढी खासगी नोंद त्या मुलीच्या आईनेही कुठे लिहून ठेवलेली नसते. शाळा ठेवते. आणि का ठेवता, असे शाळेला कोणी विचारत नाही.

विचारले तर उत्तर तयार असते. लेखापरीक्षण. सरकारी पैशाची वस्तू आहे, पोहोच नको का? हवी. खोकी शाळेत आली, याची पोहोच मुख्याध्यापकांनी द्यावी. किती आली, किती संपली, किती उरली, हे साठा नोंदवहीत लिहावे. हिशेब तिथे पुरा होतो. शालेय पोषण आहाराचा तांदूळ रोज ग्रॅमवर मोजला जातो. त्यातल्या गफल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. तरी खिचडी वाढल्यावर पोराची सही कोणी घेत नाही. ताटांचा आकडा हजेरीवरून वर जातो आणि लेखापरीक्षकाचे तेवढ्यावर भागते. पॅडच्या बाबतीतच त्याला नाव, तारीख आणि सही का लागते? बहुधा त्याला लागत नसावीच. ती लागेल, असे शाळेने गृहीत धरलेले असते. शाळेत आलेल्या प्रत्येक वस्तूला आपण वाटपाची वही लावतो, म्हणून याही वस्तूला लावली. पाठ्यपुस्तके, गणवेश, पॅड. सगळे एकाच साच्यात. फरक एवढाच, की पुस्तक घेताना मुलीला मान खाली घालावी लागत नाही.

रकान्याचा परिणाम वहीत दिसत नाही, वर्गात दिसतो. कार्यालयात बहुतेकदा ‘सर’ बसलेले असतात. समोर शाळा व्यवस्थापन समितीचे कोणी चहा घेत असतात. दाखल्यासाठी आलेला एखादा बाप दारात उभा असतो. बारा-तेरा वर्षांची मुलगी या दरबारात जाऊन पॅड मागेल, ही कल्पना ज्याला सुचली त्याने ती करून पाहावी. मुलगी तिथे जात नाही. ती मॅडमकडे जाते, शाळेत मॅडम असतील तर. मॅडम मतदारयादीच्या (बीएलओच्या) कामावर गेलेल्या असतात किंवा प्रशिक्षणाला. किल्ली त्यांच्या पर्समध्ये. मग सगळ्यांना पाठ असलेले वाक्य येते: ‘सर, पोट दुखतंय. घरी जाऊ?’ सरांना कळते. सर वाईट नसतात. ‘जा’ म्हणतात, सोबत एक मैत्रीणही देतात. दप्तर मागे धरून दोघी फाटकाबाहेर पडतात. म्हणजे दोघींचा दिवस गेला.

आता कागद पाहू. हजेरी सकाळीच झालेली आहे, त्यामुळे दोघीही हजर. पोषण आहाराच्या आकड्यात दोघी धरलेल्या. पॅडच्या वहीत त्या मुलीचे नाव नाही, कारण तिने मागितलेच नाही. थोडक्यात, गैरहजेरी शून्य आणि मागणीही शून्य. दोन्ही नोंदवह्या स्वच्छ. मार्चअखेरीस खोके अर्धे भरलेले राहते आणि त्यावर ‘प्रतिसाद अल्प’ असा शेरा मारायला कोणाचीच हरकत नसते. पुढच्या वर्षीचा पुरवठा ठरवणाऱ्याच्या टेबलावर हा शेरा जातो. त्याला ना ती मुलगी दिसते ना ते फाटक. त्याला दिसते की मुलींना पॅड नको आहेत. न मागणे म्हणजे नको असणे, असा अर्थ सरकारी कागदावर फार सहज निघतो.

पॅड स्वस्त करण्याच्या घोषणा मात्र नियमित होत आल्या आहेत. 2011 मध्ये केंद्राने ग्रामीण भागातल्या 10 ते 19 वयोगटातल्या मुलींसाठी सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांत आणले, आशाताईंमार्फत. 8 मार्च 2018 रोजी राज्याने ‘अस्मिता’ सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत. विक्री बचत गटांकडे दिली होती, ते चांगले होते. निदान मागायचे ते गावातल्याच एखाद्या बाईकडे. पण त्यासाठी आधी मुलीची नोंदणी, मग ‘अस्मिता कार्ड’. पाच रुपयांच्या पाकिटाला ओळखपत्र! मे 2022 मध्ये तेव्हाचे ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी पुढची पायरी जाहीर केली: दारिद्र्यरेषेखालच्या आणि बचत गटांतल्या महिलांना एक रुपयात दहा पॅड, 15 ऑगस्टपासून. 15 ऑगस्ट उजाडेपर्यंत सरकारच बदलले होते. सहा रुपये, पाच रुपये, एक रुपया, आणि शाळेत आता मोफत. किंमत उतरत गेली. मागणारीचे नाव लिहून घेण्याची रीत होती तिथेच राहिली.

30 जानेवारी 2026 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर मोठा निकाल दिला. जया ठाकूर यांनी 2022 मध्ये केलेली ही याचिका. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने पाळीच्या काळातले आरोग्य हा अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक शाळेने विघटन होणारी पॅड मोफत द्यावीत, असे सांगितले. निकालाचे स्वागत झाले आणि ते रास्तच होते. पण पॅड शाळेत ठेवायची कुठे, यावर निकाल काय म्हणतो तेही वाचायला हवे. शक्यतो स्वच्छतागृहाच्या आवारात, यंत्रातून. ते लगेच जमण्यासारखे नसेल, तर शाळेतल्या ठरवून दिलेल्या जागी किंवा ठरवून दिलेल्या व्यक्तीकडे. आपल्याकडची व्यवस्था यातला कोणता पर्याय निवडेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ठरवून दिलेली जागा म्हणजे ते कपाट. ठरवून दिलेली व्यक्ती म्हणजे किल्ली ज्याच्याकडे आहे तो. निकालाचे पालन झाल्याचा अहवाल एकाही मुलीचा त्रास कमी न करता वर पाठवता येईल.

न्यायालयाला हे दिसले नव्हते असे नाही. जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळांची वेळोवेळी पाहणी करावी आणि पाहणीत मुलींची मते निनावी घ्यावीत, असेही तोच निकाल सांगतो. निनावी. म्हणजे पॅड मिळते की नाही, या प्रश्नाच्या उत्तरावर मुलीचे नाव नको, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला कळते. आणि प्रत्यक्ष पॅड घेताना तिचे नाव, इयत्ता, तारीख, सही हवी, असे शाळेच्या वहीला वाटते. उद्या पाहणीला येणारे अधिकारी एका हाताने निनावी प्रश्नावली वाटतील आणि दुसऱ्या हाताने ती वही तपासून खाली ‘पाहिले’ असे लिहितील. यातली विसंगती त्यांच्या लक्षात येईल, अशी आशा करू.

एका वहीवरून एवढा ओरडा कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी जुलै 2025 आठवावा. शहापूरच्या एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. ते कोणाचे, याचा शोध सुरू झाला. मुलींना एकत्र बसवून कोणाकोणाची पाळी सुरू आहे असे विचारण्यात आले. ज्यांनी हात वर केले त्यांची नावे लिहून घेतली आणि अंगठ्याचे ठसे घेतले, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. बाकीच्या मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. पालक धावून आले, गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. कपडे उतरवण्यावर राज्यभर संताप उसळला आणि तो उसळायलाच हवा होता. ठशांबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. पाळी आलेल्या मुलींची यादी करावी, नावापुढे अंगठा घ्यावा, हे त्या शाळेला आपोआप सुचले. कारण शाळेत कशाचीही नोंद अशीच होते. शहापूरला जे घडले तो गुन्हा होता आणि पॅडची वही हा गुन्हा नाही. पण दोन्हीकडची यादी एकच आहे.

सही काढून टाकली तर चोरी होईल, असा एक आक्षेप हमखास येतो. मुली दोन-दोन नेतील. घरी आईला देतील, बहिणीला देतील. मग? सरकारच्याच जनौषधी केंद्रांत ‘सुविधा’ पॅड 2019 पासून एक रुपयाला मिळते. ज्या घरात मुलगी शाळेतून नेलेले पॅड आईला देते, त्या घरात आईलाही त्याची गरज आहे, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो. शिवाय जास्त नेले म्हणजे किती? पॅड चार ते सहा तासांनी बदलावे असे डॉक्टर सांगतात. दिवसाला तीन-चार, पाळी पाच दिवसांची, म्हणजे महिन्याला पंधरा ते वीस. सहाचे पाकीट दोन दिवसही धड पुरत नाही, आठचे जेमतेम पुरते. सरकारी पाकिटाचे गणित आधीच इतके अपुरे आहे की मुलींनी जास्त नेली तरी ती त्यांच्या गरजेहून जास्त होणार नाहीत. चार पॅड इकडेतिकडे गेली तर सरकारचे चार रुपये जातील. त्या चार रुपयांच्या राखणीसाठी आपण एका मुलीला बापयांसमोर उभे करतो.

दुसरा आक्षेप जरा बरा आहे. स्वच्छतागृहात पॅड ठेवली तर ती भिजतील, खराब होतील. कोकणातल्या जुलैत ठेवलीत तर नक्की होतील. काही शाळांत स्वच्छतागृहाला कडी नाही, तर फळी कुठून येणार, हेही खरे. मग मुलींच्या वर्गात ठेवा. झाकणाचा डबा, तोही मागच्या बाजूला. मुख्य मुद्दा जागेचा नाहीच. पॅड घेण्यासाठी मुलीला कोणाशी बोलावे लागू नये आणि कोणी ते लिहून ठेवू नये, हा आहे. यंत्राचे एवढे कौतुक होते ते याचसाठी, कारण यंत्र नाव विचारत नाही. पण यंत्रही भरावे लागते आणि त्यालाही किल्ली असते. उद्घाटनाच्या फोटोनंतर रिकामी पडलेली यंत्रे पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. यंत्र नसेल तर नसू द्या. डबा चालेल.

परदेशाचा दाखला देण्याची हौस नाही, पण एक तारीख योगायोगाने जुळते. आपल्याकडे एक रुपयात दहा पॅड ज्या दिवशी मिळायची होती, त्याच दिवशी, 15 ऑगस्ट 2022 रोजी, स्कॉटलंडमध्ये मोफत पॅड देण्याचा कायदा लागू झाला. शाळा-महाविद्यालयांत ती सोय तिथे 2018 पासूनच होती. त्या कायद्यात वस्तू फुकट असावी एवढेच लिहून थांबलेले नाहीत. ती सहज मिळावी, घेणारीचा मान राखून मिळावी आणि तिला निवडीला वाव असावा, या तीन अटी कायद्यातच आहेत. ते श्रीमंत आहेत, आपण नाही, हे उत्तर वस्तू फुकट देण्याला लागू पडेल. मान राखायला मात्र निधीची तरतूद लागत नाही. उलट वहीचे पैसे वाचतात.

निकालाच्या अंमलबजावणीसाठी शासन निर्णय निघेल. नेहमीप्रमाणे त्याला प्रस्तावना असेल, संदर्भ क्रमांक एक ते नऊ असतील, राज्यस्तरीय, जिल्हास्तरीय आणि तालुकास्तरीय समित्या असतील, समित्यांच्या बैठका किती दिवसांनी घ्यायच्या हेही असेल. सोबत विहित नमुन्यातले प्रपत्र जोडलेले असेल. भीती त्या प्रपत्राची आहे. शाळांनी आजवर ज्या वह्या आपल्या मनाने आखल्या, त्यांना या प्रपत्राने सरकारी मान्यता मिळेल. नाव, इयत्ता, तारीख, सही. पुढे एखाद्या हुशार अधिकाऱ्याला आधार क्रमांकाचा रकानाही सुचेल, मग एखादे अॅप येईल आणि कोणत्या मुलीने कधी पॅड घेतले हे मंत्रालयात बसून पाहता येईल. अतिशयोक्ती वाटत असेल तर शिक्षकांना विचारा, त्यांच्या फोनवर आज किती अॅप आहेत ते.

शालेय शिक्षण विभागाकडे मागणी एकच आहे. शासन निर्णयात एक ओळ घालावी: पॅड घेणाऱ्या विद्यार्थिनीचे नाव, सही, अंगठा वा अन्य कोणतीही वैयक्तिक नोंद घेऊ नये, घेतली जात असल्यास ती तातडीने बंद करावी. हिशेब खोक्यांचा ठेवावा, आणि तो मुख्याध्यापकांनी ठेवावा. या ओळीला ना निधी लागतो ना निविदा. एखाद्या समितीची बैठकही लागत नाही.

ही ओळ निघायची तेव्हा निघेल. तोवर मुख्याध्यापकांनी खोके कपाटातून काढून मुलींच्या हाताशी ठेवावे आणि वही बंद करावी. ती चालू ठेवा, असे त्यांना लेखी कोणी सांगितले असेल तर तो कागद दाखवावा.